पागोटे आणि पाट

ताहाराबादकडून शेलबारी घाट उतरला की पिंपळनेर लागते. मागे दक्षिणेला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर राहतात. त्या डोंगरांत बागुल राजांची गादी होती आणि तिची रीत अशी, की गादीवर बसेल तो बहिर्जी. बाप बहिर्जी, लेक बहिर्जी, नातूही बहिर्जीच. बारशाचे नाव बारशालाच राहायचे. नारायणशहा राजाच्या पदरी रुद्रकवी नावाचा पंडित होता. त्याने १५९६ साली या वंशाची थोरवी सांगणारे ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले. पुढे बेचाळीस वर्षांनी, १६३८ मध्ये, शाहजादा औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेरला वेढा घातला. तेव्हाच्या बहिर्जीने आईच्या हाती किल्ल्यांच्या चाव्या पाठवून दिल्या. बदल्यात मनसब आणि सुलतानपूरचा परगणा मिळाला. तो वारल्यावर त्याच्या मुलाने धर्म बदलला आणि तो दौलतमंदखान झाला. इतक्या पिढ्या चालत आलेली पदवी एका पिढीत संपली.

राजांचे एक बरे असते. गादी गेली की निदान वेढा पडतो, चार लोक लिहून ठेवतात. पाटलाची पाटीलकी जाते तेव्हा कुत्रेही भुंकत नाही. कधीकधी तर ती गेली हे खुद्द पाटलालाच कळत नाही. तो पागोटे घालून ओट्यावर बसलेलाच असतो.

अशाच एका पाटलाच्या घराची ही गोष्ट. गाव पिंपळनेरपासून खाली, पांझरेच्या काठी. गावाचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की ऐकणारे लगेच आडनावावर येतात आणि गोष्ट बाजूला राहते.

पांझरेवर त्या काळी एकाखाली एक दगडी बंधारे होते. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असायची. एका फडात एकच पीक. यंदा इथे ऊस तर तिथे गहू-हरभरा, पुढच्या साली बदल. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा जवळजवळ प्रत्येक फडात असे, म्हणून पाणी आले तर सगळ्यांना आणि आटले तर सगळ्यांचे. एकट्याने हुशारी करायला जागाच नव्हती. पाणी वाटायला पाटकरी, ते पिकाला पाजायला बारेकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. यांना मेहनताना धान्यातच. ही माणसे सरकारने नेमलेली नसत. शेतकरी बसून ठरवत.

गोष्टीतल्या गावी हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, व्हायचे. पुरणाचे जेवण झाले, पोरी झोक्यावर गेल्या, की बाप्ये पाटाच्या तोंडाशी जमत आणि कोणीतरी जाणता विचारी, “यंदा पाट कोण सांभाळी?” उत्तर सगळ्यांना ठाऊक असे, तरी प्रश्न चुकत नसे. एक भिल्ल पुढे येई, पाटातले ओंजळभर पाणी हाती घेई आणि म्हणे, “मी.” गेल्या साली तोच होता, त्याआधी त्याचा बाप होता, तरी दर साली विचारायचे आणि दर साली त्याने हो म्हणायचे. पाटलाला मात्र कोणी विचारत नसे. पाटीलकी वतनाची. ती रक्तातून यायची.

पहिला पाटील रांगडा होता. एका भादव्यात रात्री नदीला लोंढा आला आणि पाटाच्या भरावाला भगदाड पडले. पाटकरी ओरडत आला, तसा पाटील चप्पल न घालताच धावला. अंधारात हाताला काही लागेना. त्याने डोक्याचे पागोटे सोडले, त्यात माती आणि गवत कोंबून गाठोडे बांधले, भोकात घातले आणि वर स्वतः बसला. गाव जमेपर्यंत तो तिथून हलला नाही. पहाटे बोडक्या डोक्याने घरी आला तेव्हा बायकोने विचारले, “पागोटं कोठे शे?” तो म्हणाला, “कामले लाई दिनं.” कामाला लावून दिले.

पाणी उतरल्यावर पाटकऱ्याने ते उकरून काढले. पांढऱ्या कापडावर गाळाचा तांबूस डाग बसला होता. कितीही धुतले तरी निघेना. पाटील तेच घालत राहिला.

दुसरा पाटील वाईट नव्हता. रात्री मात्र तो उठत नसे. पाटकऱ्याला सांगे, “तू पाहून ये, मी सकाळी येतो,” आणि सकाळी खरोखर जाई. गाळ काढायच्या दिवशी पहिली पाटी तोच उचली, दुसरी मात्र गड्याच्या डोक्यावर देई. पागोट्याचा डाग दिसू नये म्हणून त्याने ते गुलाबी रंगवून घेतले. माणसाने एवढे करावे, चालते.

तिसऱ्याच्या काळापर्यंत कागद वाढले होते. १८७४ च्या वतन कायद्याने वारसांची नोंदवही आणली. वतनाच्या कोणत्या तक्षिमीतला, म्हणजे वाट्यातला, कोण वतनदार, कोणाची पाळी कधी, सगळे लिहिले जाऊ लागले. १८८६ च्या दुरुस्तीने पुरुष वारस असताना लेकीबाळींना मागे सारले. तिसऱ्या पाटलाचे लक्ष नदीवरून उठले आणि नोंदवहीवर बसले. वर्षाला चार वेळा धुळ्याचे हेलपाटे. पाण्याची भांडणे त्याने हवालदारावर सोपवली, रात्रीची फेरी पाटकऱ्यावर, जमाखर्च तर कुलकर्ण्याकडे होताच. स्वतःकडे ठेवले ते मान: होळीचा पहिला नैवेद्य, लग्नातला पहिला विडा आणि पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल. पागोटे जुनाट झाले म्हणून ते त्याने पेटीच्या तळाशी टाकले आणि जरीचे नवे करून आणले. नव्यावर डाग नव्हता.

त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मोठमोठ्यांचे तेच झाले होते. परगण्याचे देशमुख-देशपांडे वसुलीची कामे करत, म्हणून त्यांना वतने होती. १८६० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने त्यांच्याशी तडजोड केली: काही भाग सरकारला द्या, उरलेले उत्पन्न खा, कामाची गरज नाही. गॉर्डन सेटलमेंट म्हणतात ते हेच. माणसे खूश झाली. बसून खायला मिळाले तर कोण नाखूश होईल? पण ज्याच्यावाचून सरकारचे अडत नाही, त्याचे वतन किती दिवस टिकणार, हा हिशेब तेव्हा फार कोणी केलेला दिसत नाही.

डांगातले राजे या हिशेबात धरू नयेत. पिंपळनेरच्या पश्चिमेचे डोंगर ओलांडले की डांग. तिथल्या पाच भिल्ल राजांना अजूनही आहव्याच्या दरबारात होळीच्या सुमारास सरकारकडून तनखा मिळतो. भाऊबंदांनाही वाटा असतो आणि पिढी वाढेल तसा तो बारीक होत जातो. लोक त्या रकमेला हसतात. हसू नये. १८४२ पासून इंग्रजांनी त्यांची जंगले भाडेपट्ट्याने घेतली, त्याचे ते देणे आहे. इंग्रज केव्हाच गेले आणि देणे तेवढे राहिले, हा भाग वेगळा.

पुन्हा गावाकडे येऊ. तिसऱ्या पाटलाने दोन लग्ने केली. धाकटीला आधी मुलगा झाला आणि थोरलीला वर्षाने. म्हणजे वयाने मोठा तो धाकटीचा आणि मानाने मोठा तो थोरलीचा. पाटील जिवंत होता तोवर दोघे एका ताटात जेवत. तो गेला, तेराव्याला पागोटे कोणाच्या डोक्यावर ठेवायचे हा प्रश्न आला आणि ताटे वेगळी झाली. धाकटीचा म्हणे, जन्म आधी कोणाचा? थोरलीचा म्हणे, आई आधी कोणाची? जरीचे पागोटे एकच, ते एकाने कुलपात घातले. दुसऱ्याने महिनाभरात तसेच दुसरे करून आणले. आता गावात पागोटी दोन होती.

त्याच साली पाटकरी साप चावून वारला. मुलगा सहा वर्षांचा. आखाजीला लोक पाटाच्या तोंडाशी जमले, जाणत्याने विचारले, “यंदा पाट कोण सांभाळी?” आणि कोणी पुढे येईना. मग मागून पाटकऱ्याची बायको आली, पदर खोचून पाण्यात उतरली आणि ओंजळ भरून म्हणाली, “मी.” थोडी कुजबूज झाली. एक म्हातारा म्हणाला, बाईमाणूस रात्री एकटी कशी फिरणार? ती म्हणाली, “नवरा फिरे तव्हय कंदील कोन धरे?” नवरा फिरायचा तेव्हा कंदील कोण धरायचे? यावर म्हाताऱ्याकडे उत्तर नव्हते. कुठला अर्ज नाही, नोंदवही नाही, तक्षीम नाही. बाई पाटकरी झाली. पुढच्या आखाजीला पुन्हा विचारले, तिने पुन्हा हो म्हटले. बंधाऱ्याच्या खोल पाण्यात उभे राहून दांडीने दार कसे उघडायचे, कोणत्या चारीला घटकाभर जास्त लागते, कोणाचा बारेकरी रात्री बांध फोडून पाणी वळवतो, हे तिला पाठ होते. पाण्याची चोरी तिने कधी चारचौघांत काढली नाही. चोराच्या दारात जाऊन चुलीशी बसायची, भाकर मागायची आणि उठताना हळूच म्हणायची, “उद्या तुन्हं पानी घटकाभर कमी.” तेवढ्याने भागे.

इकडे पोळा आला. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लागले. पोळ्याला पांझरेत बैल धुतले, शिंगांना हिंगूळ-बेगड लावली, झुली चढल्या. वेशीवर तोरण बांधले. थोरल्या तक्षिमीची जोडी डावीकडून आली, धाकट्या तक्षिमीची उजवीकडून, आणि दोन्ही जोड्या तोरणाखाली शिंगाला शिंग लावून अडल्या. दोन्ही बाजूंनी पागोटी, दोन्ही बाजूंनी काठ्या. वाजंत्री थांबली. कुलकर्णी जाऊन तलाठी आला होता. तो बिचारा चावडीच्या खिडकीतून पाहत राहिला. मागे गावाचे शे-दोनशे बैल उन्हात ताटकळले. पुरणपोळ्या निवल्या. दिवे लागले तरी तोरण तुटले नाही. शेवटी लोकांनी आपापले बैल मागच्या वाटेने, उकिरड्याकडून घरी नेले. त्या गावात पोळा फुटला नाही असा तो पहिला पोळा.

प्रकरण प्रांताकडे गेले, मग धुळ्याला कलेक्टर कचेरीत, मग अपिलात त्याच्याही वर. आधी एका तक्षिमीची सहा एकर बागायत विकली गेली, मग दुसरीची. वकील एकमेकांचे व्याही होते म्हणतात. ते काही गोष्टीत महत्त्वाचे नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भादव्यात एका तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने, पुढच्या आणि मागच्या बाकावर बसून, धुळ्याला गेले. त्या रात्री डोंगरात पाऊस कोसळला. मध्यरात्री पाटकरीण गावात ओरडत आली: “उठा रे, पाट फुटना!” भगदाड त्याच जागी पडले होते, पणजोबाच्या वेळच्या. घराघरांतून माणसे निघाली. पोती आणली, ती पुरेनात. गवताच्या पेंढ्या वाहून गेल्या. बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाका मारत होती, “कापड आना, जाड कापड आना.” तेवढ्यात वाड्याचे दार उघडले आणि थोरली पाटलीण कंदील घेऊन बाहेर आली. म्हातारीला धड दिसत नव्हते. मागे गडी, त्याच्या डोक्यावर मानाच्या बैलांच्या झुली, आरसे लावलेल्या, गोंडेवाल्या, दोन्ही तक्षिमींच्या. त्यावर आणखी एक कापड होते. पेटी रिकामी करताना तळाशी सापडलेले जुने गुलाबी पागोटे. म्हातारी म्हणाली, “भरा यात माती.”

झुलींची गाठोडी झाली, पागोट्याचे झाले. भोक बुजायला उजाडले. फडातला ऊस वाचला.

तिसऱ्या दिवशी भाऊ परतले. तारीख पुढची पडली होती. थोरल्याने, म्हणजे थोरलीच्या मुलाने, झुलींचे ऐकले आणि तो तडक पाटावर गेला. धाकटा, धाकटीचा, तोही मागोमाग आला. पुष्कळ दिवसांनी दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले होते. “आमच्या मानाच्या झुली कोणाच्या हुकमाने चिखलात घातल्या?” थोरल्याने विचारले. बाई भरावावर माती चोपत होती. तिने मान वर केली, एकदा या पागोट्याकडे पाहिले, एकदा त्या, आणि म्हणाली:

“पागोटं कोन्ही बी घालो, पाटील. पानी त्यानंच ऐकस, जो त्याना मांगे पयस.”

पागोटे कोणीही घालावे, पाणी ऐकते ते त्याच्यामागे धावणाऱ्याचे. आमच्याकडे ही गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि पोरांना म्हणतात, समजले ना? पोरे माना डोलावतात. पण पुढे जे झाले ते मला जास्त सांगण्यासारखे वाटते.

धाकटा दुसऱ्या दिवशी फावडे घेऊन पाटावर आला. कोणी बोलावले नव्हते. त्याला माती चोपता येईना, बाईने दाखवले. त्याने दावा मागे घेतला नाही, हेही सांगितले पाहिजे. माणूस एकदम इतका बदलत नाही. तारखेला जायचा, आला की पाटावर जायचा. थोरला धुळ्यालाच खोली घेऊन राहिला. पुढच्या पोळ्याला गावाने भांडणातून वाट काढली: त्या साली गाळ काढायला ज्याने सर्वांत जास्त दिवस दिले, त्याचा बैल पहिला. त्या वर्षी तो मान एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या एकशिंगी बैलाला गेला. लोक हसले, पण वाजंत्री वाजली, तोरण तुटले आणि पोळ्या गरम असतानाच जेवणे झाली.

वरचा निकाल अखेर आला. पंधरा पानांचा, थोरल्याच्या बाजूने, खर्चासह. त्याने तो चौकटीत बसवून ओसरीवर लावला. पण त्याआधीच १९६२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९६३ पासून, महाराष्ट्रातल्या मुलकी पाटलांची वतने रद्द झाली होती. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्याच कायद्याने गेली होती, आणि खालची गावकामगार वतने १९५८ च्या. पाटलाचे वतन तेवढे मागे राहिले होते, तेही गेले. थोरल्याला जो हक्क मिळाला तो निकालाच्या दिवशी अस्तित्वात नव्हता. जमिनी कब्जाची रक्कम भरून पुन्हा नावावर करून घेता येत होत्या, पण भरायला पैसे कुठे होते? ते वकिलांकडे होते.

पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक सरकार करते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. लातीपाड्याचे धरण झाले, विहिरी झाल्या, त्यांवर मोटारी बसल्या. पांझरेवरचे बरेच फड मोडले, काही रडतखडत राहिले. खुद्द पिंपळनेर एके काळी तालुक्याचे ठाणे होते, तेही साक्रीला गेले. पिंपळनेर त्याने ओस पडले नाही, बाजार होता म्हणून टिकले.

आता वतने नाहीत असे आपण म्हणतो. मग विकास सोसायटीचे चेअरमनपद पाहा, दूध संघ पाहा, शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद पाहा, पक्षाचे तिकीट पाहा. आजोबांनी संस्था उभी केली, वडिलांनी सांभाळली, नातवाचा फोटो फलकावर आहे. नातू चांगला असेलही. फक्त त्याला कोणी विचारलेले नसते. तुमच्या गावात किंवा घरात असे एखादे पद तिसऱ्या पिढीत आले असेल, तर येत्या आखाजीला चार माणसे जमवा आणि पदावरच्या माणसासमोर मोठ्याने विचारा, यंदा हे काम कोण सांभाळणार? तो पुढे येऊन “मी” म्हणाला तर खुशाल त्यालाच द्या.